विज्ञानावरचं गाणं लोक उलटं का ऐकतात?

प्रश्न थोडक्यात असा: "मी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरी लॅपटॉपवर सिंथ-पॉप (सिंथेसायझरवरचं पॉप) करतो. क्रिस्परवर, म्हणजे जनुक-संपादनावर, एक मराठी सिंगल तयार करतोय. मला या तंत्राबद्दल मनापासून आशा वाटते. पण डेमो ऐकून मित्र म्हणाले, 'जीएमच्या (जनुक-बदलाच्या) विरोधात भारी गाणं केलंस.' माझ्या डोळ्यांसमोर ओएमडी या ब्रिटिश बँडचं १९८३ चं 'जेनेटिक इंजिनिअरिंग' आहे. तेही पडलं होतं असं वाचलं. विज्ञान हा विषयच गाण्याला मारक आहे का? डेमोत काय बदलू?"

तुमचा डेमो आधी स्टुडिओच्या मॉनिटरवर आणि मग मुद्दाम साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला. तुमच्या मित्रांचे कान ठीक आहेत. तुमची आशा तुमच्या मनात आहे, तुमच्या ईमेलमध्ये आहे, पण ट्रॅकमध्ये उतरलेली नाही. गंमत म्हणजे ओएमडीच्या गाण्याचंही तंतोतंत हेच झालं. बँडचा गायक अँडी मॅक्लस्की याने पुढे मुलाखतींत सांगितलं की हे गाणं जनुक-अभियांत्रिकीवर हल्ला म्हणून लिहिलेलं नव्हतं, त्याला या विषयाबद्दल चांगलंच वाटत होतं, पण लोकांनी विरोधच असणार असं गृहीत धरलं. तेव्हा उदाहरण तुम्ही अचूक उचललंय. निष्कर्ष मात्र जरा घाईने काढलाय.

आधी 'पडलं' या शब्दाचं बघू. ओएमडी, म्हणजे ऑर्केस्ट्रल मॅनुव्हर्स इन द डार्क, ही लिव्हरपूलच्या नदीपलीकडच्या 'विरल' नावाच्या भागातल्या अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज या दोघांची १९७८ सालची उभारणी. 'इनोला गे' १९८० मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत ८ व्या क्रमांकावर गेलं. मग 'सुवेनिर' ३, 'जोन ऑफ आर्क' ५, 'मेड ऑफ ऑर्लीन्स' ४. यातलं शेवटचं तर पश्चिम जर्मनीत १९८२ सालचं सर्वांत जास्त खपलेलं सिंगल ठरलं. अशी चार गाणी ओळीने पहिल्या दहात गेल्यावर फेब्रुवारी १९८३ मध्ये 'जेनेटिक इंजिनिअरिंग' आलं आणि २० वर थांबलं. देशातल्या सगळ्या गाण्यांत विसावं येणं म्हणजे पडणं नव्हे. पण आदल्या गाण्यांच्या शेजारी ठेवलं की ते पडलेलं दिसतं, आणि रेकॉर्ड कंपनी नेमकं तसंच बघते.

खरी घसरण झाली ती त्यानंतर. पुढचं सिंगल 'टेलिग्राफ' ४२ वर अडलं. मार्च १९८३ मधला 'डॅझल शिप्स' हा अल्बम यादीत ५ पर्यंत चढला खरा, पण आदल्या 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'ची विक्री तीस लाखांच्या घरात आणि याची तीन लाखांच्या, असे आकडे खुद्द बँडच सांगत आलेला आहे. कंपनीला आधीच्याच अल्बमची दुसरी आवृत्ती हवी होती. बँडने दिले शॉर्टवेव्ह रेडिओचे तुकडे, वेगवेगळ्या देशांतली फोनवरून वेळ सांगणारी घड्याळं, रेडिओ प्रागची खूण. शीतयुद्धातल्या युरोपचा आवाज सुरीने कापून टेपवर लावलेला होता. मला तो अल्बम फार आवडतो, पण 'सुवेनिर'च्या सुरावटीवर जीव टाकलेला माणूस दुकानातून तो घरी घेऊन आला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हेही कळतं. श्रोता दुरावला तो त्या कोलाजमुळे. विषयाने त्याला पळवलं म्हणावं, तर 'इनोला गे'चा विषय कुठे गोड होता? हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं विमान!

आणि इथेच मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. 'इनोला गे'ची सिंथवरची सुरावट इतकी उजळ आणि नाचरी आहे की त्यावर लोक डिस्कोत नाचले, आजही नाचतात, आणि त्यातल्या अनेकांना ते विमानाचं नाव आहे हे ठाऊकही नसतं. विषय भयानक, सूर उजळ, लोकांनी सूर उचलला. 'जेनेटिक इंजिनिअरिंग'मध्ये करणाऱ्याच्या मनात आशा, पण आवाज थंड आणि तुटक. पुन्हा लोकांनी आवाजच उचलला. शब्द आणि ध्वनी यांचं भांडण लागलं की श्रोता पहिल्या फेरीत ध्वनीवर विश्वास ठेवतो. शब्दांकडे तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वळतो, आणि सिंगलला दुसरी वेळ मिळेलच याची खात्री नसते.

आता त्या आवाजाकडे जरा जवळून पाहू, कारण तुम्ही त्याचीच नक्कल केली आहे. गाण्यात बोलणारा तो यांत्रिक आवाज 'स्पीक अँड स्पेल' या खेळण्याचा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ मध्ये मुलांना स्पेलिंग शिकवण्यासाठी ते काढलं. नारिंगी-लाल प्लास्टिक, वर धरायला मूठ, आणि आत एकाच चिपवर बसवलेलं वाणी-संश्लेषण, जे तोपर्यंत कुणी एवढ्या स्वस्तात केलेलं नव्हतं. त्यात माणसाचं बोलणं टेपसारखं साठवलेलं नसतं, तेवढी मेमरीच परवडणारी नव्हती. साठवलेली असते ती घशा-तोंडाच्या पोकळीची आकृती, म्हणजे एका फिल्टरचे दहा आकडे. हे आकडे सेकंदाला सुमारे ४० वेळा बदलतात. त्या फिल्टरमधून दोनच गोष्टी सोडतात: स्वरांसाठी गुणगुण करणारी स्पंदनं आणि 'स', 'श', 'फ'साठी निव्वळ खरखर. यालाच एलपीसी म्हणतात. तुमच्या प्लगइनमध्येही हीच तीन अक्षरं दिसतील.

या पद्धतीत काय उरतं आणि काय जातं, ते कानाने तपासा. शब्द कळतो, व्यंजनं कळतात. श्वास जातो. एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकताना आवाजात जी किंचित अनिश्चितता असते, ती जाते. वाक्याच्या शेवटी सूर खाली बसतो तो बसत नाही. म्हणजे माणूस बोलताना 'मी इथे आहे' असं ज्या खुणांनी सांगतो त्याच नेमक्या गाळल्या जातात. वर ते खेळणं फक्त स्वतःच्या मेमरीतले सुटे शब्दच बोलू शकतं. त्यामुळे गाण्यात ऐकू येते एक यादी: आई, हॉस्पिटल, कात्री, खाटीक, इंजिनिअर अशा शब्दांची. मध्ये क्रियापद नाही, नातं नाही. 'आई' आणि 'कात्री' शेजारी ठेवून मधली जागा रिकामी सोडली की ती जागा श्रोता भीतीने भरतो. कुठलाही श्रोता, कुठल्याही देशातला.

कडव्यात गायकाचा आवाज येतो तेव्हाही तो सुटे गुणविशेष मोजत जातो: कार्यक्षम, तर्कशुद्ध, परिणामकारक, व्यवहार्य. एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकाची भाषा. लिहिणाऱ्याला ती खरोखर प्रशंसा वाटली असेल, पण गाण्यात माहितीपत्रक वाचलं की ऐकणाऱ्याला उपहासच वाटतो. त्या काळातल्या नव्या लाटेच्या गाण्यांनी त्याला तशीच सवय लावली होती.

बरं, ऐकणारा कोऱ्या मनाने बसलेला नव्हता. फेब्रुवारी १९८३ च्या आगेमागे बातम्या काय होत्या बघा. कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जनुक कापून दुसऱ्या जिवाणूत बसवल्याला दहा वर्षं झाली होती. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला शास्त्रज्ञांनी स्वतःच बसून या प्रयोगांना काय मर्यादा हव्यात ते ठरवलं होतं. टेस्ट ट्यूबमधून जन्मलेलं पहिलं मूल १९७८ मध्ये मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममधलं, म्हणजे ओएमडीच्या घरापासून फार लांबचं नव्हे. त्याचा जनुक बदलण्याशी काही संबंध नाही, पण सामान्य वाचकाच्या डोक्यात दोन्ही एकाच कप्प्यात होतं. मानवी गर्भाबाबत काय चालेल आणि काय नाही हे ठरवायला ब्रिटिश सरकारने १९८२ मध्ये वॉर्नॉक समिती नेमली. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. आणि डिसेंबर १९८२ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात ते मोठे उंदीर आले: लहान जातीच्या उंदराच्या (माउसच्या) फलित अंड्यात मोठ्या जातीच्या उंदराच्या (रॅटच्या) वाढ-संप्रेरकाचं जनुक घातलं आणि पिल्लं भावंडांपेक्षा कितीतरी मोठी झाली.

इन्सुलिनची बातमी लाखो रुग्णांच्या आयुष्याची होती. फोटो मात्र उंदराचा छापला गेला. दोन महिन्यांनी रेडिओवर एक यंत्र 'आई', 'कात्री', 'खाटीक' म्हणायला लागल्यावर लोकांना इन्सुलिन आठवणार होतं की उंदीर?

हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शब्दांनी समजावत नाही, करून दाखवतो, आणि तुम्हीही घरी करून बघा. 'तुझ्या बाळाचे डोळे आता नीट दिसतील' हे एकच वाक्य घ्या. पहिल्यांदा आपल्या आईकडून किंवा मावशीकडून बोलून घ्या, जवळ माइक धरून, श्वासासकट. दुसऱ्यांदा तेच वाक्य व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या साधनातून काढा, खाली मायनरची (उदास सुरांची) पॅड, म्हणजे मागे पसरून राहणारा सिंथचा आवाज, धरा. तिसऱ्यांदा एलपीसीमधून काढा, खाली काहीच नको. मग ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला ऐकवा आणि विचारा, हे कोण बोलतंय? पहिल्याला उत्तर येतं डॉक्टर किंवा आजी. दुसऱ्याला येतं एखादी कंपनी, नाहीतर परग्रहावरचं कुणीतरी. तिसरं ऐकून लोक विचारतात, बाळाला काय केलं? शब्द तेच आहेत, एक मात्रा बदललेली नाही. वर्गात हा प्रयोग केला की पुढच्या आठवड्यात निम्म्या मुलांचे व्होकोडर बंद झालेले असतात.

याचा अर्थ यांत्रिक आवाज वापरू नका असा मुळीच नाही. मी आयुष्यभर हीच यंत्रं वाजवली आहेत, आणि सिंथचा आवाज जात्याच थंड असतो हे मला अजिबात मान्य नाही. ओएमडीच्याच 'सुवेनिर'मध्ये गाणाऱ्यांचे आवाज टेपवर घेऊन, कापून, फिरवत ठेवलेले आहेत. पूर्ण यंत्राचं काम, आणि तरी ऐकताना कुणीतरी जवळ बसल्यासारखं वाटतं, कारण त्या टेपवर माणसाचा श्वास शिल्लक आहे. यंत्र कोणती गोष्ट ठेवतं आणि कोणती पुसतं, याची निवड तुमच्या हातात असते.

त्याच हिवाळ्यातलं दुसरं उदाहरण बघा, थॉमस डॉल्बीचं 'शी ब्लाइंडेड मी विथ सायन्स', ऑक्टोबर १९८२. (नाव वाचून आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती डोळ्यांपुढे येतील. त्याचं खरं आडनाव रॉबर्टसन. शाळेत सतत टेप आणि कीबोर्डशी खेळायचा म्हणून मित्रांनी डॉल्बी नाव ठेवलं. पुढे डॉल्बी लॅबोरेटरीजने कायदेशीर हरकत घेतली आणि 'थॉमस'शिवाय नुसतं 'डॉल्बी' वापरायचं नाही यावर मिटलं.) त्या गाण्यात विज्ञानाची माहिती औषधालाही नाही. एका शास्त्रज्ञाची प्रेमात पडल्यावर उडालेली भंबेरी आहे, बस्स. मधूनमधून एक म्हातारा 'सायन्स!' असं ओरडतो. तो म्हणजे मॅग्नस पाइक, खरेखुरे अन्नशास्त्रज्ञ. युद्धकाळात ब्रिटनच्या अन्न मंत्रालयात पोषणाचं काम केलेले, आणि सत्तरच्या दशकात हात हवेत फेकत टीव्हीवर विज्ञान समजावून सांगणारे. ब्रिटनमध्ये घराघरांत त्यांचा चेहरा ओळखीचा होता.

त्या एका ओरडण्यात किती गोष्टी आहेत मोजा: वय, उत्साह, थोडी चक्रमपणाची छटा, आणि विज्ञानावरचं निखळ प्रेम. ते ऐकून कुणी 'हे गाणं विज्ञानविरोधी आहे' असं म्हटल्याचं माझ्या कधी कानावर आलेलं नाही, जरी शब्दांनुसार विज्ञानाने नायकाला आंधळंच केलेलं आहे! गाण्यात एक माणूस आहे, आणि त्याची फजिती होतेय. श्रोता त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

त्याच्या स्वागताची कथाही तुमच्या कामाची आहे. ब्रिटनमध्ये, जिथे पाइकना सगळे ओळखत होते, तिथे ते ४९ वर अडकलं. अमेरिकेत, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, मे १९८३ मध्ये ५ व्या क्रमांकावर गेलं. कॅनडात पहिलं आलं. माझ्या मते याचं मोठं कारण व्हिडिओ. डॉल्बीच्या मनात आधी चित्र होतं, चक्रम शास्त्रज्ञांच्या आश्रमाचं, मूकपटाच्या धाटणीचं. गाणं त्या चित्रासाठी आलं, आणि दिग्दर्शनही त्याने स्वतः केलं. अमेरिकेत एमटीव्ही ऑगस्ट १९८१ पासून चोवीस तास व्हिडिओ मागत होतं. ब्रिटनमध्ये तसं काही नव्हतं, आठवड्यातून ठरावीक कार्यक्रम. जिथे चित्र पोचलं तिथे गाणं पोचलं. १९८४ मध्ये त्याचं 'हायपरॅक्टिव्ह!' आलं तेव्हा चित्र पालटलं: ब्रिटनमध्ये १७, अमेरिकेत ६२. तेव्हा एका देशातल्या एका आकड्यावरून गाण्याची किंमत ठरवायला जाऊ नका.

तरी शिक्का बसायचा तो बसलाच. अमेरिकी संगीत वाहिन्यांनी त्याला 'एकाच गाण्याचा धनी' करून टाकलं. प्रत्यक्षात फॉरेनर या बँडच्या १९८१ च्या अल्बमवरचं सिंथ त्याचं, प्रीफॅब स्प्राउट या बँडच्या 'स्टीव्ह मॅक्वीन' या अल्बमची निर्मिती त्याची, १९८५ च्या लाइव्ह एड या मदत-मैफलीला डेव्हिड बोवीच्या मागे कीबोर्डवर तोच. पुढे त्याने बीटनिक नावाची कंपनी काढली आणि तिचं ध्वनी-इंजिन नोकियाच्या फोनमध्ये गेलं. तुमच्या घरातल्या मोठ्यांपैकी कुणाकडे अनेकसुरी रिंगटोनचा नोकिया असेल, तर या माणसाचं काम तुमच्या स्वयंपाकघरात वाजून गेलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

आता तुमचा डेमो.

एक, सुरुवातीची यादी. तुम्ही व्होकोडरमधून 'कापा, जोडा, बदला, तपासा' असे आदेश दिले आहेत. सुटी क्रियापदं, आज्ञार्थी, यांत्रिक आवाजात. 'आई, कात्री'पेक्षाही हे कडक आहे, कारण मराठीत आज्ञार्थात कुणीतरी वरून बोलत असतं. ते काढा. ईमेलमध्ये तुम्ही लिहिलंय की तुमच्या चुलतबहिणीला सिकलसेल आहे आणि म्हणून तुम्ही या शाखेकडे वळलात. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या शेवटी क्रिस्परवर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता दिली, तेव्हा तुम्ही घरी फोन केलात. अहो, गाणं तिथे आहे! तो फोन गाण्यात आणा. आजाराचं नावही घ्यायची गरज नाही. विदर्भात, नंदुरबारकडे, गडचिरोलीत हा आजार घरोघरी माहीत आहे. दुखणं कसं उठतं आणि हातपाय कसे ठणकतात ते दोन ओळींत आलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बहिणीची परवानगी मात्र घ्या.

दोन, डीएनएच्या ए-टी-जी-सी या चार अक्षरांना चार सूर देऊन तुम्ही सुरावट काढली आहे. हा मोह प्रत्येक बायोटेकवाल्याला होतो. कागदावर छान दिसतं, कानाला मात्र ते चार सुरांचं विस्कटलेलं काहीतरी वाटतं, कारण डीएनएचा क्रम कानासाठी घडलेलाच नाही. श्रोत्याला तो क्रम खरा आहे की तुम्ही डोळे मिटून बोटं आपटली आहेत, हे कळायचा काही मार्ग नाही.

त्यापेक्षा हे तंत्र ज्या जिवाणूंमधून आलं त्यांच्यातली क्रिस्परची मूळ रचना बघा. तुम्ही ती परीक्षेत लिहिली असेल, पण सुरांच्या अंगाने पाहिलेली नाही. जिवाणूच्या जनुकसंचात एक छोटा क्रम जसाच्या तसा पुनःपुन्हा येतो, आणि दर दोन आवृत्त्यांच्या मध्ये एक वेगळा तुकडा असतो. तो तुकडा म्हणजे कधीकाळी चाल करून आलेल्या विषाणूची खूण. न बदलणारी ओळ, मध्ये दरवेळी नवी हकिकत, पुन्हा तीच ओळ. मुखडा आणि अंतरे! आपल्या गवळणीपासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत सगळं याच सांगाड्यावर उभं आहे. हा सांगाडा तुम्हाला फुकट मिळतोय आणि तुम्ही अक्षरांना सूर वाटत बसलाय. मुखडा अजिबात बदलू नका, वाद्यसुद्धा बदलू नका, तोच सिंथ, तेच फिल्टर. प्रत्येक अंतऱ्यात एका जुन्या आजारपणाची आठवण, वेगळ्या आवाजात. आणखी एक बारकावा: नवा तुकडा या रांगेत सुरुवातीच्या टोकाला बसतो, म्हणजे सर्वांत ताजी आठवण सर्वांत आधी. तेव्हा अंतरे उलट्या काळक्रमाने लावा, आधी आजचा फोन, मग शाळेतले आजारपणाचे दिवस, मग आजीच्या काळातलं घर. विज्ञान जाणणाऱ्याला रचना दिसेल आणि न जाणणाऱ्याला एका घराची गोष्ट ऐकू येईल.

तीन, ध्वनी. बेस उत्तम आहे, त्याला हात लावू नका. पॅडचा फिल्टर तुम्ही इतका बंद ठेवलाय की सगळं तळघरात चालल्यासारखं वाटतं. मुखड्याला तो हळूहळू उघडा, चार मात्रांत नको, आठ आवर्तनं घ्या. व्होकोडर ठेवायचाच असेल तर मुख्य आवाजाला लावू नका. मुख्य आवाज कोरडा, जवळचा, श्वास न कापलेला ठेवा, आणि व्होकोडर त्याच्या मागे, त्याच ओळीची साथ म्हणून. यंत्र माणसाच्या मागून गातंय हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. तुमच्या ड्रमचा स्नेअर (तो कडक, चटकदार ठोका) मात्र फार कोरडा आणि टोकदार आहे, प्रत्येक ठोक्याला कात्री चालल्यासारखी वाटते. त्याच्यावरची खरखर जरा लांबवा, वरची चमक कमी करा. तुमच्या मित्राला 'विरोध' ऐकू आला त्यात या स्नेअरचा वाटा बराच आहे असं माझं मत आहे.

चार, आपला श्रोता. १९८३ च्या ब्रिटिश श्रोत्याच्या डोक्यात मोठा उंदीर होता. मराठी श्रोत्याच्या डोक्यात 'जनुक' म्हटलं की कापूस येतो. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली, आणि २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह केला. म्हणजे एकाच राज्यात या शब्दाच्या दोन्ही बाजूंना माणसं जिवावर उदार होऊन उभी राहिलेली आहेत. तुम्ही 'जनुक' हा शब्द मुखड्यात घेतलात की गाणं सुरू व्हायच्या आत प्रत्येकाने आपली बाजू घेतलेली असेल. तुमचं गाणं बियाण्याबद्दल नाही, रक्ताच्या आजाराबद्दल आहे. मग तो शब्द मुखड्यातून काढा. शेवटच्या अंतऱ्यात एकदाच येऊ द्या.

शंका ठेवू नका असंही माझं म्हणणं नाही. हा उपचार आज किती महाग आहे, गडचिरोलीच्या दवाखान्यात तो कधी पोचेल, हे प्रश्न बहिणीच्या तोंडी आलेच पाहिजेत. 'जेनेटिक इंजिनिअरिंग' मला आजही पुनःपुन्हा ऐकावंसं वाटतं ते त्यातल्या धाकधुकीमुळेच. करणाऱ्याचा हेतू एक, यंत्राचा आवाज दुसरंच सांगतोय, आणि आपण मध्ये. पण ती धाकधूक त्यांच्याकडून नकळत आली. तुम्ही ती जाणून, जिथे हवी तिथे ठेवा.

आणि स्वागताचं म्हणाल तर 'डॅझल शिप्स' २००८ मध्ये पुन्हा प्रकाशित झाला तोवर समीक्षकांचं मत पार बदललेलं होतं. २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ओएमडीने तो अख्खा अल्बम वाजवला. दरम्यान त्यांनी भरपूर सोपी, गोड गाणी करून पोट भरलं, 'टेस्ला गर्ल्स'सारखी विज्ञानातली नावं घेऊनच, आणि १९८६ मध्ये 'इफ यू लीव्ह' अमेरिकेत ४ वर गेलं. तेव्हा तुमचं सिंगल २०० लोकांनीच ऐकलं म्हणून विषय सोडू नका.

नवा मुखडा झाला की फक्त आवाज आणि एक पॅड एवढंच पाठवा, ड्रम नको, बेस नको. सोबत बहिणीने ऐकून काय म्हटलं तेही लिहा. मिक्सचं त्यानंतर बघू.